खांद्याचे दुखणे आणि प्रश्नांची पडताळणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त नागाव येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी आणि पेढीचा व्यवहार चालत आला, त्या घरांना मापाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. दुकानातील वजने कितीही चकचकीत असोत, शासकीय निरीक्षकाने ती तपासून त्यांवर शिक्का उमटविल्याखेरीज त्यांनी माल तोलणे कायद्यास मान्य नाही. १९५६ साली प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून शेर-मणाच्या जागी किलो-क्विंटल येऊ लागले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. तेव्हा जुन्या शेराच्या वजनावर ‘एक किलो’ अशी अक्षरे कोरून भागले नाही. नवे वजन ओतावे लागले, काट्यावर चढवून तपासावे लागले, मगच त्यावर शिक्का पडला.

एका भाषेतील वैद्यकीय प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणणे हे काम नेमके याच जातीचे आहे. दुर्दैवाने पुष्कळदा ते अक्षरे कोरण्यावरच थांबते. खांद्याच्या कंडरांना इजा झालेल्या रुग्णांसाठी असलेल्या एका प्रश्नावलीच्या निमित्ताने हा विषय येथे मांडावयाचा आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्यांना रात्री कूस बदलताना खांद्यातून कळ येते, त्यांना तो तसा वाटणार नाही.

प्रथम खांद्याविषयी थोडेसे. मानवी शरीरात सर्वाधिक हालचाल करणारा सांधा हाच. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीत टेकलेला असतो. खुब्याच्या सांध्यासारखी खोल उखळी येथे नाही, म्हणूनच हात चहूकडे फिरतो. आणि म्हणूनच तो माथा जागेवर धरून ठेवण्याची जबाबदारी भोवतालच्या चार स्नायूंवर येते. या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, एकत्र येऊन माथ्याभोवती सदऱ्याच्या कफसारखे वेष्टन तयार करतात. डॉक्टर त्याला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. वयपरत्वे, किंवा वर्षानुवर्षे हात डोक्यावर नेऊन काम केल्याने हे पट्टे झिजतात, उसवतात, कधी पडल्याने एकाएकी फाटतात. सर्वांत वरच्या बाजूच्या कंडरेवर ही पाळी अधिक येते. (खांदा दुखतो म्हणजे प्रत्येक वेळी कंडराच फाटलेली असते असे मात्र नाही. मधुमेही व्यक्तींत खांदा आखडण्याचा, ज्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात, विकार पुष्कळ आढळतो, आणि त्याची वाट वेगळी आहे.)

कंडरा फाटली की नाही हे एमआरआयच्या चित्रात दिसते. मग रुग्णाला प्रश्न विचारण्याचा खटाटोप कशासाठी, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर दोन अभ्यासांत मिळते. १९९५ साली अमेरिकेत ज्यांचा खांदा मुळीच दुखत नव्हता अशा ९६ व्यक्तींच्या खांद्यांची एमआरआय तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ३४ टक्के व्यक्तींच्या कंडरा पूर्ण किंवा अंशतः फाटलेल्या निघाल्या. साठीच्या पुढील गटात तर हे प्रमाण ५४ टक्के होते. पुढे २०१४ साली, इजेशिवाय पूर्ण फाटलेल्या कंडरांच्या ३९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फाटण्याची तीव्रता आणि वेदना यांचा मेळ बसला नाही. चीर मोठी आणि वेदना थोडी, चीर लहान आणि झोप उडालेली, असे दोन्ही प्रकार संभवतात. याचाच अर्थ, चित्र कंडरेविषयी सांगते, माणसाविषयी सांगत नाही. औषध-व्यायाम चालू ठेवावयाचे की शस्त्रक्रिया करावयाची, आणि केलेल्या उपचाराने खरोखर काही पदरात पडले का, हे ठरविताना रुग्णाच्या तोंडच्या उत्तरांना पर्याय उरत नाही.

ही उत्तरे शिस्तीने घेता यावीत म्हणून कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात अलेक्झांड्रा कर्कली या शल्यविशारद महिलेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वेस्टर्न ऑन्टॅरिओ रोटेटर कफ इंडेक्स’ ही प्रश्नावली तयार केली. २००२ साली विमान अपघातात डॉ. कर्कली यांचे निधन झाले आणि प्रश्नावलीवरील मूळ निबंध त्यांच्या पश्चात २००३ साली प्रसिद्ध झाला. तीत २१ प्रश्न आहेत. शारीरिक लक्षणांचे सहा, खेळ व व्यायामाचे चार, कामाचे चार, राहणीमानाचे चार आणि मनःस्थितीचे तीन. प्रत्येक प्रश्नाखाली १०० मिलिमीटरची एक रेघ असते; डाव्या टोकाला ‘मुळीच त्रास नाही’, उजव्या टोकाला ‘पराकोटीचा त्रास’, आणि रुग्णाने आपल्या त्रासाप्रमाणे रेघेवर खूण करावयाची. सारे मिळून २,१०० गुण. जितके गुण अधिक, तितका खांदा वाईट.

ही प्रश्नावली कॅनडाबाहेर ज्या भाषांत गेली, त्यांत तुर्की ही एक. तुर्कस्तानातील इझमीर शहरातील वैद्यकांनी तिचे भाषांतर करून, ते आपल्या रुग्णांवर तपासून, त्याची विश्वसनीयता व यथार्थता २००६ साली प्रसिद्ध केली. आपल्या दृष्टीने त्या कामाचे महत्त्व असे की, भाषांतर संपल्यावर काम संपले, असे त्यांनी मानले नाही. प्रश्न तुर्कीत आल्यावर ते तुर्की माणसाचा खांदा बरोबर मोजतात का, हा निराळा प्रश्न आहे असे समजून त्यांनी तो निराळा तपासला.

आता हीच प्रश्नावली नागावच्या वाडीत आणून पाहावी. पहिलाच प्रश्न अडतो. मूळ प्रश्नावली आरंभी दोन प्रकारच्या वेदनांविषयी स्वतंत्रपणे विचारते: एक तीक्ष्ण, दुसरी सतत कुरतडणारी. शब्दकोश उघडून ‘तीक्ष्ण वेदना’ असे लिहिले, तर व्याकरण बिघडत नाही. परंतु या किनाऱ्यावरील कोणीही वृद्ध स्त्री ‘मला तीक्ष्ण वेदना होतात’ असे म्हणत नाही. ती म्हणते, कळ येते, चमक मारते, टोचते. आणि दुसऱ्या प्रकारासाठी म्हणते, ठणकतो, ठसठसतो, सलतो, खांदा भरून येतो. दुखण्याच्या शब्दांत मराठी दरिद्री नाही, उलट भाषांतरकाराची पंचाईत होते ती या श्रीमंतीमुळेच. ‘कळ’ हा शब्द निवडला तर तो पोटाच्या कळेशी जोडला जाण्याची भीती. ‘ठणका’ निवडला तर गळवाची आठवण. यांतील कोणता शब्द खांद्याला लागू पडतो, हे भाषातज्ज्ञाने घरी बसून ठरवावयाचे नाही. ते रुग्णांना विचारून ठरवावे लागते.

पुढचा प्रश्न खांद्यातील दुर्बलतेचा. ‘अशक्तपणा’ हा शब्द सहज सुचतो, पण ‘अशक्तपणा वाटतो का?’ असे विचारताच माणूस सर्व अंगाच्या थकव्याविषयी, जेवण कमी झाल्याविषयी बोलू लागतो. ‘खांद्यात जोर राहिला नाही असे किती वाटते?’ असे विचारले तर रोख नेमका होतो. त्याहून मोठी अडचण ‘हात’ या शब्दाची. इंग्रजीप्रमाणे तुर्कीतही मनगटाखालचा भाग आणि त्यावरचा भाग यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत बोलताना खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सारा ‘हात’च. दंड, बाहू, भुजा हे शब्द आहेत खरे, परंतु एक तालमीतला, दुसरा पोथीतला आणि तिसरा पोवाड्यातला वाटतो. ज्याचा खांदा गेला तोही ‘हात वर जात नाही’ असेच सांगतो. म्हणून मराठी प्रश्नात ‘दुखऱ्या खांद्याच्या बाजूचा हात’ असे लांबलचक लिहावे लागते. ते कानाला बोजड लागले तरी चालेल, कारण तेथे सौंदर्यापेक्षा अर्थ महत्त्वाचा. व्याकरणिक लिंगाची अडचण तुर्की भाषेला मुळातच नाही. मराठीत मात्र ‘निराश झालो’ आणि ‘निराश झाले’ यांतून निवड टाळायची, तर संपूर्ण वाक्याची ठेवणच बदलावी लागते.

शब्दांची अडचण तरी कष्टाने सुटते. कृतींची अडचण अधिक खोल आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण खांद्याच्या नव्हे तर संधिवाताच्या क्षेत्रात महाराष्ट्रातच घडले आहे. १९८० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून प्रसिद्ध झालेली आरोग्यविषयक एक प्रश्नावली संधिवाताच्या रुग्णांसाठी जगभर वापरली जाते. तीत रोजच्या कामांविषयी २० प्रश्न असून, ‘तुम्ही ताटातील मांस कापू शकता का?’, ‘दुधाचे नवे खोके उघडू शकता का?’, ‘टबमध्ये स्नान करू शकता का?’ असे विचारले जाते. जैन घरातील एखाद्या मातेने पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले, तर ते तिच्या बोटांच्या सांध्यांविषयी काय सांगेल? ते तिच्या आचाराविषयी सांगेल, आणि कागदावर मात्र ती पंगू म्हणून नोंदली जाईल. प्रश्न कोरा ठेवला तर बेरीज बिघडेल. भारतीय संधिवाततज्ज्ञांनी हे ओळखले. दिल्लीत आणि पुण्याच्या ‘सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस’मध्ये या प्रश्नावलीच्या ज्या आवृत्त्या घडल्या, त्यांत जमिनीवर मांडी घालून बसणे-उठणे यांसारख्या येथील कृतींना स्थान मिळाले.

पुण्याच्या याच केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी, जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा योजनेखाली, सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची घरोघर पाहणी आरंभिली. परदेशात आखलेले प्रश्न ग्रामीण मराठी माणसाला त्याच्या उंबऱ्यावर विचारण्याचे ते काम होते. ४,०९२ प्रौढांच्या त्या पाहणीत शंभरांमागे सुमारे अठरा जणांना अशी काही ना काही तक्रार असल्याचे आढळले. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबून हा आकडा कधीच हाती लागला नसता, कारण दुखणे अंगावर काढणारा माणूस नोंदवहीत येत नाही. विचारणारा त्याच्या दारी गेला आणि त्याला समजेल असे विचारले, म्हणून तो मोजला गेला.

आता पुन्हा खांद्याकडे वळावे. कॅनडाच्या प्रश्नावलीत जोर-बैठकांपैकी जोर मारण्याविषयी, चेंडू जोराने वा दूर फेकण्याविषयी, आणि घरच्या माणसांशी वा मित्रांशी दंगामस्ती करण्याविषयी प्रश्न आहेत. नागावमधील पासष्ट वर्षांच्या एखाद्या गृहिणीचा विचार करावा. तिने आयुष्यात जोर मारलेले नाहीत. चेंडू फेकला असेल तर शाळेत. ती या तिन्ही रेघांवर सरळ डाव्या टोकाला खूण करते, कारण तिला त्यांचा काहीच त्रास नाही. उरलेल्या अठरा प्रश्नांत तिचा त्रास सरासरी ६० धरू. अठरा गुणिले साठ म्हणजे १,०८०. एकूण २,१०० पैकी इतका त्रास, म्हणजे तिचा खांदा शंभरातील ४८.६ इतका शाबूत ठरला.

परंतु त्या तीन प्रश्नांच्या जागी तिला तिच्या घरातले विचारले असते तर? विहिरीचे पाणी शेंदता येते का, माळ्यावरचा भरलेला डबा उतरविता येतो का, ओली चादर पिळून उंच दोरीवर टाकता येते का? यांतील प्रत्येकाला तिने ९० ची खूण केली, तर त्रासाची बेरीज १,३५० होते आणि खांदा ३५.७ वर येतो. फरक २७० गुणांचा, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांचा. या प्रश्नावलीत सुमारे १२ ते १३ टक्क्यांचा बदल रुग्णाला प्रत्यक्ष जाणवण्याजोगा मानला जातो. म्हणजे शस्त्रक्रियेने वा महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामाने जेवढी सुधारणा झाली असता वैद्य समाधान मानतील, तेवढी ‘सुधारणा’ तीन परक्या प्रश्नांनी उपचारापूर्वीच तिच्या नावावर जमा करून टाकली. हे उदाहरण कल्पित आहे, गणित मात्र खरे आहे. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर पारड्याखाली मेण चिकटविलेले आहे, आणि ते कोणी मुद्दाम चिकटविलेले नाही.

मग सरसकट सगळे प्रश्न बदलून टाकावेत काय? तसेही करता येत नाही. प्रश्न फार बदलले तर ते माप कॅनडाचे उरत नाही, तुर्कस्तानचेही नाही. इझमीरचा रुग्ण आणि अलिबागचा रुग्ण एकाच काट्यावर तोलण्याची सोय संपते. आणि ती सोय हाच तर या साऱ्या उपद्व्यापाचा हेतू. म्हणून कृती बदलावी, पण तिने खांद्यावर टाकलेला भार आणि हाताची दिशा बदलू नये, ही कसोटी लावावी लागते. चेंडू दूर फेकण्यात हात डोक्याच्या वर व मागे जाऊन झटक्याने पुढे येतो. विहिरीतून पाणी शेंदण्यात तसे होत नाही, तेथे ओढ खालून वर असते. तेव्हा वरच्या उदाहरणातील बदली कितीही आपलीशी वाटली, तरी काटेकोर परीक्षक तिला हरकत घेईल, आणि ती हरकत रास्त असेल. कदाचित माडाच्या झावळ्या उचलून कुंपणापलीकडे टाकणे हे अधिक जवळचे ठरेल. उलट दिशेने पाहिल्यास, या गावातील नित्याच्या कितीतरी हालचाली मूळ प्रश्नावलीच्या गावीही नाहीत. पाठीमागे हात नेऊन काष्टा खोचणे, चंदन घासणे, देरासरात भगवंतापुढे चामर ढाळणे. ज्या श्रावकाला खांद्यामुळे चामर ढाळता येत नाही, त्याला चेंडूविषयी विचारून काय कळणार?

या तारतम्यासाठी एक पद्धत सर्वत्र मान्य झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेली तिची मार्गदर्शिका आजही आधारभूत मानली जाते. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे भाषांतर करावयाचे, त्यांतील एक वैद्यकीय विषय जाणणारी आणि दुसरी मुद्दाम न जाणणारी, कारण सामान्य माणसाची भाषा तिच्याकडून येते. दोन्ही जुळवून एक मसुदा. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो मसुदा पुन्हा इंग्रजीत न्यावयाचा. येथे चोऱ्या पकडल्या जातात. मूळ प्रश्नावलीत मन खचल्याविषयी बोलीतला एक प्रश्न आहे. त्याचे मराठी ‘नैराश्य’ केले, तर परत येताना तो मानसिक आजार होऊन येतो. त्यानंतर वैद्य, भाषातज्ज्ञ व भाषांतरकार एकत्र बसतात, आणि अखेर तीस ते चाळीस व्यक्तींना प्रश्न देऊन ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे प्रत्येकाला विचारले जाते.

इथवर झाले ते ओतकाम. शिक्का यापुढे. विश्वसनीयता म्हणजे तेच वजन पुन्हा ठेवले असता काट्याने तोच आकडा दाखविणे. त्यासाठी ज्यांच्या खांद्यात फरक पडलेला नाही अशा रुग्णांना काही दिवसांनी, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी, तीच प्रश्नावली पुन्हा दिली जाते. अंतर फार थोडे ठेवले तर माणूस उत्तरे आठवून लिहितो, फार वाढविले तर खांदाच बदलतो. प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे पाहण्यासाठी १९५१ साली क्रॉनबाख यांनी मांडलेला अल्फा हा गुणांक वापरतात. तो साधारण ०.७० ते ०.९५ या दरम्यान असावा असे मानतात. अधिक म्हणजे अधिक चांगले, असा येथे हिशेब नाही, ०.९५ च्या वर गेला तर एकच प्रश्न शब्द बदलून पुन्हापुन्हा विचारला जात असावा, असा संशय घ्यावयाचा. यथार्थता ही त्याहून अवघड. काटा दरवेळी तोच आकडा दाखवील, पण तो भलत्याच गोष्टीचा असेल. म्हणून या प्रश्नावलीचे गुण इतर मान्य मापांशी ताडून पाहतात आणि कोणाशी किती जुळावेत याचा अंदाज आधीच लिहून ठेवतात. नंतर अंदाज बांधणे म्हणजे माल तोलून झाल्यावर भाव ठरविणे.

आणखी एक बाब येथील वृद्धांच्या संदर्भात विशेष आहे. शंभर मिलिमीटरच्या रेघेवर खूण करणे शाळेत न गेलेल्या व्यक्तीला परके वाटते. ती बहुधा एका टोकाला तरी खूण करते नाहीतर नेमकी मध्यावर. तीच व्यक्ती ‘रुपयातले बारा आणे दुखणे गेले’ असे मात्र सहज आणि अचूक सांगते. आण्याचे नाणे व्यवहारातून कधीच गेले, पण दुखण्याच्या हिशेबात ते अजून चालते. रेघेऐवजी सोळा आण्यांची पट्टी वापरावी असे कोणाला सुचले तर ते स्वागतार्हच. मात्र ती पट्टीही पुन्हा काट्यावर चढवावी लागेल.

राहता राहिले, ज्यांच्या हाती असा कागद येईल त्यांच्याविषयी. मुंबईस किंवा अलिबागेस खांद्याच्या उपचारासाठी गेल्यावर, व्यायाम-उपचार विभागात पुष्कळदा अशी प्रश्नावली पुढे येते. ती परीक्षा नव्हे. जी गोष्ट आपण करीतच नाही, तिच्यापुढे ‘त्रास नाही’ अशी खूण न करता ‘ही कृती करीत नाही’ असे लिहावे किंवा सांगावे. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारण्यात संकोच नसावा. न समजलेल्या प्रश्नाचे उत्तर कोऱ्या जागेपेक्षा घातक असते. आणि घरातील तरुणांनी आई-वडिलांच्या वतीने तो परस्पर भरू नये. आई कोणती कूस टाळून झोपते, हे मुलाला ठाऊक असेलच असे नाही, आणि मुलगा समोर उभा असता ती ‘फारसे काही नाही’ असेच म्हणणार. चष्मा विसरला असेल तर प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पुढच्या भेटीत तोच कागद पुन्हा दिला, तर मागील वेळी काय लिहिले होते ते आठवण्याचा प्रयत्न करू नये. त्या आठवड्यात खांदा जसा असेल तसा लिहावा.